एकशे बारा रत्तल, डावा

बिंदू चौकातल्या रद्दीवाल्यानं तिन्ही पुस्तकं
काट्यावर टाकली आणि म्हणाला, सव्वा किलो.
साहेबांच्या शिकारीची. आफ्रिकेतली.
वाळवीनं कडा खाल्लेल्या, मजकूर शाबूत.

मी कवळ्या करतो. शाहूपुरी, तिसरी गल्ली,
'वणकुद्रे डेंटल लॅब', जिन्याखाली.
रात्री मेण थंड होईपर्यंत हात रिकामे असतात,
तेवढ्यात एक हत्ती पडतो.

साहेब बरा लिहितो. फार खोटं बोलत नसावा.
डोळा आणि कान यांच्यामध्ये नेमकं कुठं,
ते चित्र काढून दाखवतो.
वारा कळावा म्हणून राखेची पुरचुंडी झटकतो.
हत्ती पडला की शेपटी कापून घेतो,
हा माझा, म्हणून.
मग वही. तारीख, नदी, गोळ्या किती.
उजवा अठ्ठ्याण्णव रत्तल. डावा एकशे बारा.

(पुस्तकात पौंड आहे. रत्तल हा माझ्या वडिलांचा शब्द,
गुळाच्या अडतीवर कारकून होते.)

दात मलाही कळतात.
सुळा म्हणतो आपण, पण तो सुळा नव्हेच.
पुढचा पटाशीचा दात, वाढतच राहिलेला.
तिसरा हिस्सा कवटीच्या आत, पोकळ,
आणि त्या पोकळीत मज्जा, मांडीएवढी.
साहेब सांगतो, घाई करू नये, चार दिवस कुजू द्यावं,
मग नुसत्या हातानं ओढला तरी येतो.
मज्जा उपसताना बंदुका वाहणारी माणसं
त्याला पाठ फिरवायला लावत.
बघू नये म्हणत, बघितलं तर पुढचा हत्ती
तुला बघेल.
साहेब हसला. पण फिरवली पाठ.
त्या ओळीशी माझं मेण करपलं.

त्या माणसांपैकी एकाचंच नाव येतं पुस्तकात,
तेही तो चिरडला गेला त्या पानावर.

दस्तगीर महात खालच्या कवळीसाठी येतात. वय चौऱ्याऐंशी.
हिरडी एवढी झिजलेली की कवळीला बसायला कठडाच नाही.
त्यांचे वडील साठमारीत होते.
मस्तवाल हत्तीपुढं पळायचे,
आणि बुरुजाच्या फटीतून आत.
तोंडात मापाचा साचा घालून बसवलं होतं,
घट्ट व्हायला वेळ लागतो, म्हणून वाचून दाखवलं,
जमेल तसं मराठी करत.
साचा निघाला. चूळ भरली. मग विचारलं,
'नाव काय हुतं त्याचं?'
साहेबाचं?
'हत्तीचं गा.'

मी पान उलटलं. मागचं. पुढचं.
एकशे बारा रत्तल, डावा.

मग तेच बोलत बसले. बापाकडून ऐकलेली नावं,
फत्तेबहाद्दर, सोनमाळ, एक नुसताच भाऊसाहेब.
त्या भाऊसाहेबानं बापाच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या,
तरी त्याचं नाव घेताना आवाज खाली आला,
घरातल्या थोरल्याचं घ्यावं तसा.
'आमी काय कमी छळलं न्हाई,' म्हणाले,
'पर नाव घिऊन.'
चांगलं की वाईट, ते मला विचारू नका.
रिक्षा थांबवून ठेवली होती, गेले.

काल तिसरं पुस्तक संपत आलं.
साहेबाच्या तोंडात आता स्वतःचे चारच दात.
लिहितो, हत्तीला दाढांचे सहा संच येतात आयुष्यात,
एक झिजला की मागून दुसरा सरकतो.
सहावा गुळगुळीत झाला की तो दलदलीत जाऊन उभा राहतो,
मऊ गवत हुडकत,
गवत समोर असताना उपाशी.
या प्रकरणात बंदूक नाही. वजनही नाही.

दस्तगीरचाचांची कवळी तयार आहे, बशीत, पाण्यात.
शेजारी ते पान उघडं. डावा, एकशे बारा.
वाळवीनं समास सोडलाय तिथं बोटभर.
पेन्सिल टेकवून बसलोय मघापासून.
नाव सुचत नाही.